बॉल सारखा उजवीकडे पळतोय? स्विंग बदलायच्या आधी पकड आणि मनगट बघा

आधीच सांगतो, खालचं सगळं उजव्या हाताने गोल्फ खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय, डावखुऱ्या मंडळींनी डावं-उजवं उलटं करून वाचा.

आपल्याकडे गोल्फला येणारे बरेच जण क्रिकेट खेळून आलेले असतात, मी पण तसाच. पंधरा-सोळा वर्षं बॅट धरलेला हात, तो गोल्फ क्लब पण तसाच धरतो, तळहातात खोल, गच्च आवळून, आणि मारताना सगळा जोर खालच्या हाताचा. मग बॉल निघतो बरा पण थोडं पुढे गेला की उजवीकडे वळायला लागतो आणि वळतच जातो. हाच तो स्लाइस. माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं, खांदा फिरवून बघितला, कंबर आधी काढून बघितली, स्टान्स बदलला, बॉल पुढे-मागे ठेवला, रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बादल्याच्या बादल्या बॉल मारले आणि बॉल आपला उजवीकडच्या जाळीत.

शेवटी पुण्यातच एका म्हाताऱ्या कॅडीकाकांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "सर, बॉल राहू दे, नुसता क्लब धरून दाखवा." मी धरला. त्यांनी माझे हात तसेच ठेवून क्लब माझ्या पोटासमोर आडवा वर उचलायला सांगितला आणि म्हणाले, "आता फेस बघा." फेस, म्हणजे क्लबचा बॉलला लागणारा सपाट भाग, उजवीकडे उघडा होता. म्हणजे स्विंग सुरू व्हायच्या आधीच माझा बॉल उजवीकडे जायचं ठरलं होतं, पुढचं सगळं मी नुसतं सावरत होतो.

तेव्हापासून कोणीही विचारलं तर मी एवढंच सांगतो की पकड आणि मनगट या दोन वेगळ्या गोष्टी धरूच नका, ती जोडी आहे, एक बदललं की दुसरं बदलावंच लागतं. लोक व्हिडिओ बघून मनगट कोणाचं तरी घेतात आणि पकड स्वतःची ठेवतात, तिथे गडबड होते.

हे असं का, ते थोडक्यात. क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटलेले असतात साधारण अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. तेवढ्यात हाताने काही सुधारायचं म्हटलं तरी होत नाही. त्या क्षणी फेस कुठे बघतोय यावर बॉल कुठल्या दिशेला निघणार हे मुख्यतः ठरतं, ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबला, साधारण ८५ टक्के आणि आयर्नला, म्हणजे पातळ धातूच्या डोक्याच्या क्लबला, साधारण ७५ टक्के वाटा फेसचा, उरलेला क्लब कुठल्या रस्त्याने आला त्याचा. आणि बॉल वळणार किती हे फेस आणि रस्ता यांच्यात किती फरक आहे त्यावर. आता फेसला कोण फिरवतं? शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी. शाफ्टला कोण? तुमचे हात. आणि हात कसे फिरणार हे मनगट कुठल्या अवस्थेत आहे त्यावर. म्हणून सुरुवात पकडीपासून.

डावा हात आधी. पण त्याच्याही आधी क्लब जमिनीवर ठेवा आणि फेसची खालची कड टार्गेटच्या रेषेला काटकोनात आहे का बघा. बहुतेक लोक क्लब हवेत धरतात, मूठ आवळतात आणि मग जमिनीवर ठेवून फेस सरळ करतात, त्यात सगळी पकड फिरते आणि आपल्याला कळतही नाही. फेस आधी, हात नंतर. काही ग्रिपच्या, म्हणजे दांडीवरच्या हातात धरायच्या वेष्टनाच्या, मागच्या बाजूला आतून एक बारीक उंचवटा असतो, बोटांना लागतो, नियमाने तो चालतो, नवीन असाल तर तसली ग्रिप लावून घ्या, फार मदत होते.

आता डावा हात बाजूला सैल सोडा. तो जसा लोंबतोय तसाच उचलून ग्रिपवर न्या, मुद्दाम वळवू नका. ग्रिप बोटांमधून तिरकी जायला हवी, करंगळीच्या मुळापासून सुरू होऊन तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत. तळहाताच्या मधोमध आडवी जात असेल तर चुकलं, ती बॅटची पकड झाली. मग मूठ मिटा, म्हणजे करंगळीखालची जी मांसल गादी आहे ती ग्रिपच्या वर बसेल. टेस्ट अशी की बाकीची बोटं सोडून द्या आणि फक्त तर्जनीचा आकडा आणि ती गादी यांच्यावर क्लब उचलून बघा. उचलला गेला तर बरोबर बसलाय, घसरला तर ग्रिप तळहातात आहे. वरचं टोक सेंटीमीटरभर बाहेर ठेवा. अंगठा अगदी मधोमध नको, थोडा उजवीकडे.

आता खाली बघा. मुठीची किती हाडं दिसतायत? दोन किंवा अडीच दिसली तर पकड न्यूट्रल. तीन किंवा जास्त दिसली तर स्ट्राँग. एक किंवा एकही नाही तर वीक. इथे स्ट्राँग-वीकचा ताकदीशी काही संबंध नाही हां, हात ग्रिपवर किती फिरलाय एवढंच ते सांगतं. अंगठा आणि तर्जनी यांच्यात जो V तयार होतो तो न्यूट्रलला हनुवटी आणि उजवा खांदा यांच्या मधे कुठेतरी बोट दाखवतो, स्ट्राँगला खांद्याच्याही बाहेर, वीकला हनुवटीकडे किंवा तिच्याही डावीकडे.

स्लाइस होणाऱ्यांपैकी बहुतेकांची पकड वीक असते. मी तर माझ्या ओळखीतल्या सगळ्या जुन्या बॅट्समनना पहिल्यांदा डावा हात थोडा उजवीकडे फिरवून तीन हाडं दिसतील असा ठेवायला सांगतो. पहिले आठ दिवस भयंकर विचित्र वाटतं, क्लब आपला नाहीच असं वाटतं. वाटू दे.

उजवा हात. हा पूर्ण बोटांत, मधल्या दोन बोटांत मुख्यतः. तळहातातला जो खळगा आहे, आयुष्यरेषेच्या आसपास, त्याने डावा अंगठा झाकायचा. तर्जनी थोडी सुटी, बंदुकीच्या घोड्यावर ठेवल्यासारखी. उजव्या हाताचा V डाव्याच्या V ला समांतर हवा, दोन V दोन दिशांना बघत असतील तर दोन हात एकमेकांशी भांडणार.

करंगळीचं काय करायचं यावर लोक तासन्तास वाद घालतात, मला ते तितकं महत्त्वाचं वाटत नाही. उजवी करंगळी डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांमधल्या खाचेवर ठेवली की ओव्हरलॅप, हिला वार्डन ग्रिप पण म्हणतात कारण हॅरी वार्डन यांच्यामुळे ती जगभर पसरली, त्यांनी ओपन चॅम्पियनशिप सहा वेळा जिंकली, पहिली १८९६ ला आणि शेवटची १९१४ ला. करंगळी डाव्या तर्जनीत गुंतवली की इंटरलॉक, जॅक निक्लॉस आणि टायगर वूड्स दोघेही तसेच धरतात. हात लहान असतील, लहान मुलं असतील किंवा बोटांत संधिवात असेल तर दहाही बोटं ग्रिपवर ठेवा, काही बिघडत नाही. ज्यात दोन हात एक झाल्यासारखे वाटतील ती घ्या.

आता मनगट. डावं मनगट तीन प्रकारे हलतं आणि लोक तिन्हीची खिचडी करतात म्हणून सुटं सुटं सांगतो.

एक, खिळा ठोकताना हातोडी वर घेतो तशी हालचाल, अंगठ्याच्या दिशेने वर. याने क्लब वर उचलला जातो, म्हणजे वेग याच्यातून मिळतो, फेस मात्र उघडत-मिटत नाही. दोन, हाताच्या पाठीच्या दिशेने मागे किंवा तळहाताच्या दिशेने पुढे. मागे झुकलं की कप, सरळ असलं की फ्लॅट, पुढे झुकलं की बो. फेसचा सगळा खेळ याच्यात आहे, कप केलं की फेस उघडतो, म्हणजे उजवीकडे बघतो, बो केलं की मिटतो, म्हणजे डावीकडे बघतो. तीन, कोपरापासून मनगटापर्यंतचा अख्खा पुढचा हात फिरणं, कुलपात किल्ली फिरवतो तसं.

डाव्या हातात घड्याळ घालत असाल तर दुसरी हालचाल समजायला एकदम सोपी आहे. मनगट मागे झुकवा, घड्याळाची चावी हाताच्या पाठीत रुतते ना? तो कप. आता हळूहळू सरळ करा, रुतणं थांबलं आणि हाताची पाठ आणि पुढचा हात एका पातळीत आले, तो फ्लॅट. आणखी पुढे नेलं तर बो. मी अजूनही टीव्ही बघता बघता हे करून बघतो.

आता जोडीचा मुद्दा, हा नीट वाचा, कारण इथेच बाकी सगळं अडतं.

न्यूट्रल पकड असेल तर बॅकस्विंगच्या टोकाला, म्हणजे क्लब मागे पूर्ण वर गेल्यावर, डावं मनगट फ्लॅट असलं की फेस स्क्वेअर, म्हणजे ना उघडा ना मिटलेला, असतो. स्ट्राँग पकड असेल तर सुरुवातीलाच मनगटात थोडा कप असतो, आणि टोकालाही तो तेवढाच राहिला की फेस स्क्वेअर, तिथे जर तुम्ही मनगट फ्लॅट केलंत तर फेस मिटला. वीक पकड असेल तर उलटं, टोकाला मनगट थोडं बो केलं तरच फेस स्क्वेअर होतो, नाहीतर उघडा. म्हणजे "टोकाला मनगट फ्लॅटच पाहिजे" हा जो सल्ला सगळे देतात तो एका पकडीपुरता खरा आहे.

माझ्या भाच्याचं उदाहरण देतो. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकला खेळला तेव्हापासून त्याला गोल्फचं वेड लागलं, आता चौदाचा आहे. मध्यंतरी त्याने डस्टिन जॉन्सनचे व्हिडिओ बघितले. डस्टिन जॉन्सनचं डावं मनगट टोकाला प्रचंड बो असतं, बघताना खरंच भारी दिसतं, आणि माणसाने २०१६ ची यूएस ओपन आणि २०२० ची मास्टर्स जिंकलीय, मास्टर्स तर २० अंडरने, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा वीस कमी मारून. भाच्याने मनगट तसंच केलं. पकड त्याची आधीच स्ट्राँग होती, मीच तशी करून दिली होती. झालं, प्रत्येक बॉल डावीकडे, जमिनीलगत, झाडीत. मला म्हणतो, "मामा, त्याचा तर फेड जातो, माझाच का हुक?" फेड म्हणजे हलकासा उजवीकडे वळणारा बॉल, हुक म्हणजे जोरात डावीकडे वळणारा. तर त्याचं उत्तर कंबरेत आहे. डस्टिन जॉन्सन बॉलपाशी येताना शरीर इतकं आधी आणि इतकं जास्त उघडतो की मिटलेला फेस बरोबर सरळ होऊन येतो. कोलिन मोरिकावा हा दुसरा अमेरिकन खेळाडू पण बो मनगटानेच फेड मारतो. चौदा वर्षांच्या पोराची, किंवा दिवसभर ऑफिसात बसणाऱ्या माणसाची, कंबर तेवढी फिरत नाही, मग फेस मिटलेलाच येतो. भाच्याला मी पकड तशीच ठेवायला लावली आणि मनगट फक्त सुरुवातीला होतं तेवढंच ठेव म्हटलं, चाळीसेक बॉलमध्ये हुक गेला.

याच्या उलट गोष्ट जुन्या काळचे अमेरिकन चॅम्पियन बेन होगन यांची. त्यांना तरुणपणी हुकने छळलं होतं. त्यांनी डावा हात वीककडे नेला आणि टोकाला मनगट कप करायला लागले, म्हणजे फेस मिटणारच नाही अशी दुहेरी सोय, १९५५ मध्ये लाइफ मासिकात त्यांनी ते उघड करून सांगितलं. आता हा हुकवरचा उपाय आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांना आजार आहे स्लाइसचा. तरी लोक होगन यांची पकड म्हणून वीक पकड घेतात, वर कप करतात, आणि बॉल आणखीनच उजवीकडे जातो. दुसऱ्याचं औषध घेऊ नका.

स्वतःचं तपासायचं कसं? मोबाईल बॅगला टेकवून तुमच्या मागे, म्हणजे टार्गेटच्या उलट बाजूला, टार्गेटच्या रेषेत, हातांच्या उंचीवर ठेवा आणि स्लो मोशनमध्ये रेकॉर्ड करा. टोकाला थांबवून बघा, फेसची खालची कड डाव्या हाताच्या रेषेला साधारण समांतर असेल तर स्क्वेअर. फेस आभाळाकडे बघत असेल तर मिटलेला. कड सरळ खाली लोंबत असेल तर उघडा. मग आधी हाडं मोजा, मग मनगट बघा, आणि दोन्हीपैकी एकच बदला. दोन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळणारच नाही.

आता बॉलपाशी काय व्हायला पाहिजे. आयर्न मारताना, बॉल लागतो त्या क्षणी डावं मनगट फ्लॅट किंवा किंचित बो, हात बॉलच्या थोडे पुढे, आणि उजवं मनगट मागे वाकलेलंच. हौशी लोकांचं नेमकं उलटं होतं, बॉल वर उचलायचा म्हणून उजवा हात खालून पळी घातल्यासारखा जातो, डावं मनगट मोडून कप होतं, त्याला फ्लिप म्हणतात. मग कधी क्लब बॉलच्या आधी जमिनीत, कधी बॉलच्या डोक्यावर, आणि लागलाच नीट तरी उंच जाऊन जवळच पडतो कारण लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, वाढला. बॉल उचलायचं काम लॉफ्टचं आहे, तुम्ही त्याला खाली मारायचं.

क्रिकेटवाल्यांना फ्लिप जास्त होतो, उचलून मारायची सवय असते ना खालच्या हाताची.

यावर मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शाळेच्या पट्टीचा. १५ सेंटीमीटरची प्लास्टिकची पट्टी घ्या, ग्लोव्हच्या आत हाताच्या पाठीवर सरकवा, अर्धी मनगटाच्या वर राहू द्या, वरचं टोक रबरबँडने सैलसर बांधा. पकड न्यूट्रल असेल तर पट्टी हाताला चिकटून राहील. आता वेजने, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबने, कमरेपासून कमरेपर्यंतचा छोटा स्विंग करा आणि बॉल गेल्यावर तिथेच थांबा. फ्लिप केलात तर पट्टी मनगटात टोचते, लगेच कळतं, कोणी सांगावं लागत नाही. पहिल्या दिवशी मला दहातले आठ वेळा टोचली होती. पकड स्ट्राँग असेल तर सुरुवातीलाच थोडी टोचेल, तेवढी चालेल, मारताना त्यापेक्षा जास्त टोचायला नको. फुल स्विंग पट्टी घालून करू नका, मोडते आणि लागते.

दुसरा सराव, गॅरेजमधून जुना टायर आणा. क्लब हळू मागे नेऊन टायरला टेकवा आणि दाबून धरा, पाच सेकंद. जोरात हाणायचं नाही, मनगट दुखावेल. दाबताना डावं मनगट सरळ राहिलं, वजन डाव्या पायावर गेलं आणि हात पुढे असले की तीच ती जागा, अंगाला ती ओळखीची व्हायला पाहिजे. तिसरा घरातला, जुना क्लब दाराशी ठेवा आणि येता-जाता दिवसातून वीस वेळा फेस आधी, डावा हात, उजवा हात असं धरून सोडा. बॉल नाही, स्विंग नाही. पकड बदलायची तर हे रेंजपेक्षा जास्त कामाला येतं, कारण समोर बॉल दिसला की हात जुन्या जागी पळतो.

किती घट्ट धरायचं? दहापैकी चार-पाच. दाब डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांत आणि उजव्याच्या मधल्या दोन बोटांत, अंगठे आणि तर्जन्या मोकळ्या. गच्च आवळलं की कोपरापर्यंत सगळं कडक होतं, मनगट हातोडीसारखं वर जातच नाही, वेग मेला आणि फेसही वेळेवर मिटत नाही. तुमचा ग्लोव्ह बघा, तळहाताच्या गादीपाशी भोक पडत असेल तर क्लब हातात फिरतोय, म्हणजे पकड तळहातात आहे किंवा ग्रिप गुळगुळीत झालीय.

आणि आपल्याकडे तर घाम. मुंबईत मे महिन्यात नवव्या होलपर्यंत लेदरचा ग्लोव्ह चिंब झालेला असतो, मग माणूस नकळत आवळायला लागतो आणि मघाशी सांगितलेलं सगळं सुरू. दोन ग्लोव्ह ठेवा, होलागणिक बदला, सुकायला बॅगेच्या बाहेर लटकवा. पावसाळ्यात पावसाचे वेगळे ग्लोव्ह मिळतात, दोन्ही हातांचे, ते ओले झाले की उलट जास्त धरतात. महिन्यातून एकदा ग्रिप कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून वाळवा. ग्रिप चकचकीत दिसायला लागली की ती संपली, बदला. बदलताना जाडी बघा, डाव्या हाताने धरल्यावर मधलं बोट आणि अनामिका तळहाताच्या गादीला जेमतेम टेकायला हवीत, रुतत असतील तर बारीक, लांब राहत असतील तर जाड.

दुखण्याचं एक गंभीरपणे सांगतो. डाव्या तळहातात करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, खोल दुखत असेल आणि धरलं की कळ येत असेल तर सराव थांबवा. तिथे हॅमेट नावाचं छोटं हाड आहे, त्याला आकड्यासारखं टोक असतं, आणि ग्रिपचं टोक तळहातात खुपसून धरणाऱ्यांचं, जमिनीत क्लब घालणाऱ्यांचं हाडाचं ते टोक मोडू शकतं. साध्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे हाडांच्या डॉक्टरांना मी गोल्फ खेळतो हे आवर्जून सांगा. म्हणून पण म्हणतो, वरचं टोक बाहेर ठेवा.

दोन ठिकाणी मात्र हे सगळं बदलतं. पटिंगला, म्हणजे होलाजवळ बॉल घरंगळवताना, मनगट हलायलाच नको असतं, म्हणून तिथे ग्रिप बोटांतून काढून दोन्ही तळहातांत सरळ उभी धरतात, अंगठे वरून सरळ खाली. आणि बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, फेस उघडायचा असतो, तिथे लोक नेहमीसारखं धरतात आणि मग हात फिरवून फेस उघडतात, तो मारताना परत मिटून वाळूत रुततो. तिथेही तोच क्रम, क्लब सैल सोडून आधी फेस आभाळाकडे उघडा, आणि तो तसा उघडा असतानाच त्यावर डावा हात ठेवा, मग उजवा.